गाइडकडे जागा आहे का?

‘सर, तुमच्याकडे जागा आहे का?’

पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, जिला आपल्याकडे सगळे ‘पेट’ म्हणतात, ती उत्तीर्ण झालेला विद्यार्थी हा प्रश्न घेऊन विभागाविभागांतून हिंडत असतो. गाइडच्या नावावर आधीच किती विद्यार्थी नोंदलेले आहेत, कोणाचा व्हायव्हा झाला, कोणी मध्येच सोडलं, याचा हिशेब त्याला तोंडपाठ असतो. विषय काय घ्यायचा, हे त्यानंतर ठरतं. पुष्कळदा जागा जिथे मिळते तिथल्या सरांचा विषय हाच आपला जिव्हाळ्याचा विषय होता, असं विद्यार्थ्याला पंधरा दिवसांत मनापासून वाटूही लागतं.

‘गाइड’ हा शब्द मराठीत तीन अर्थांनी नांदतो. किल्ल्यावर पर्यटकांना बुरूज दाखवणारा गाइड, परीक्षेच्या आदल्या रात्री वाचायचं गाइड आणि पीएच.डी.चा गाइड. पहिला वाट दाखवतो, दुसरं तयार उत्तरं देतं. तिसऱ्याने यांपैकी नेमकं काय करायचं, याबद्दल खुद्द गाइडांमध्येही एकमत नाही. पण गाइड होण्यासाठी काय लागतं, हे मात्र अगदी काटेकोर लिहून ठेवलेलं आहे.

आज लागू असलेले नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, नोव्हेंबर २०२२ मध्ये काढले. त्यांनुसार प्राध्यापक किंवा सहयोगी प्राध्यापक असाल तर स्वतःची पीएच.डी. हवी आणि तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकांत किमान ५ शोधनिबंध प्रसिद्ध झालेले हवेत. सहायक प्राध्यापकाला पीएच.डी. आणि ३ शोधनिबंध पुरतात. नोकरी कायमस्वरूपी हवी. प्राध्यापकाला एका वेळी ८, सहयोगी प्राध्यापकाला ६ आणि सहायक प्राध्यापकाला ४ विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी काळ उरला असेल तर नवा विद्यार्थी घेता येत नाही. आधी घेतलेल्यांना निवृत्तीनंतर सहमार्गदर्शक म्हणून पुढे नेता येतं, तेही वयाच्या सत्तरीपर्यंतच.

असे नियम वाचताना प्रत्येक कलमामागे कोणाची तरी तक्रार ऐकू येते. निवृत्तीचं कलम का आलं असेल? सरांना निरोप समारंभात शाल-श्रीफळ मिळालं आणि विद्यार्थी दुसऱ्याच प्रकरणावर अडकून राहिला, अशी उदाहरणं प्रत्येक विद्यापीठात सापडतील. संख्येची मर्यादा का? नियमाने वेसण घातली नाही तर काय होतं, हे सांगायला संशोधन लागत नाही. २००९ च्या नियमांत ही मर्यादा पद न बघता सरसकट ८ होती. पदानुसार उतरंड २०१६ मध्ये आली. जेमतेम तीन वर्षांपूर्वी स्वतःचा प्रबंध सादर केलेल्या माणसाने आठ जणांचे प्रबंध वाचावेत ही अपेक्षा जरा जास्तच होती, हे तेव्हा कोणाच्या तरी लक्षात आलं असावं.

‘कायमस्वरूपी’ या एका शब्दाने मात्र महाराष्ट्रात वेगळाच पेच केला आहे. राज्यात प्राध्यापकांच्या जागा वर्षानुवर्षं रिकाम्या राहतात आणि त्या वर्गांवर तासिका तत्त्वावरचे, म्हणजे सीएचबीचे, प्राध्यापक शिकवतात. त्यांतल्या कित्येकांकडे पीएच.डी. आहे, नेट किंवा सेट आहे, शोधनिबंधही आहेत. पण उद्या तो माणूस त्या महाविद्यालयात असेल की नाही याचीच खात्री नसते, तेव्हा त्याच्या भरवशावर पाच वर्षांचं संशोधन सोपवायचं कसं? नियम विद्यार्थ्याच्या बाजूने विचार करतो आणि त्यात तर्कही आहे. फक्त त्यातून निघतं असं, की जागा भरल्या जात नाहीत म्हणून गाइड कमी आणि गाइड कमी म्हणून ‘जागा आहे का’ विचारणाऱ्यांची रांग लांब.

इथे एक गल्लत टाळायला हवी. शिकवण्याची पात्रता आणि मार्गदर्शनाची पात्रता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वर्गावर जाण्यासाठीची चाळणी म्हणजे नेट. अधिव्याख्यातापदासाठीची पहिली नेट डिसेंबर १९८९ मध्ये झाली. तिचं राज्यपातळीवरचं रूप म्हणजे सेट, जी महाराष्ट्र आणि गोवा या दोन्ही राज्यांसाठी पुणे विद्यापीठ घेतं. नेट-सेट नसलेल्या प्राध्यापकांचा प्रश्न महाराष्ट्रात किती पेटला होता, हे २०१३ च्या परीक्षा बहिष्काराच्या वेळी बारावीनंतर शिकणारं मूल असलेल्या प्रत्येक घराला कळलं. मध्यंतरी २०१८ च्या नियमांनी ठरवलं, की विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला जुलै २०२१ पासून पीएच.डी. सक्तीची. मग ती तारीख जुलै २०२३ वर गेली आणि ती उजाडताच आयोगाने सक्तीच मागे घेतली. नेट-सेट पुरे, पीएच.डी. ऐच्छिक. या पाच वर्षांत केवळ नोकरीची दारं बंद होऊ नयेत म्हणून किती जणांनी पीएच.डी.ला नाव नोंदवलं असेल आणि किती गाइडांच्या जागा त्यात गेल्या असतील, याचा अंदाज वाचकांनी करावा.

शोधनिबंधांच्या अटीची कहाणी जास्त रंजक आहे आणि तिचा मोठा भाग पुण्यात घडला. २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’ नावाची गुणपद्धती आणली. निबंध छापला की इतके गुण, परिषदेत वाचला की इतके. कुठलीही गोष्ट मोजायला लागलं की तिचं उत्पादन सुरू होतं, तसं इथेही झालं. पैसे भरा आणि आठवड्यात छापून घ्या, अशा नियतकालिकांचं पीक आलं. ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द शीर्षकात, संपादक मंडळात ओळखीपाळखीचे लोक आणि कार्यालय एखाद्या झेरॉक्सच्या दुकानामागे. मग आयोगाने मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी केली आणि विद्यापीठांकडून शिफारशी मागवल्या. पुणे विद्यापीठातल्या अभ्यासकांनी या शिफारशींतून आलेल्यांपैकी हजाराच्या आसपास नियतकालिकं तपासली. त्यांचा लेख २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आला. त्यांतली ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असू शकतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. म्हणजे कुंपण घालायला ज्यांना बोलावलं त्यांनीच शेतात गुरं सोडली होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने यादीतून ४,३०५ नावं एका फटक्यात काढून टाकली. पुढच्या वर्षी ‘यूजीसी-केअर’ ही नवी यादी सुरू झाली आणि तिचा कारभारही पुणे विद्यापीठातूनच चालला. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने तीही बंद केली. दर्जा कसा ओळखायचा याचे निकष सुचवले आणि ठरवायचं काम संस्थांकडे परत दिलं.

पंधरा वर्षांत चक्र पूर्ण फिरून मूळ जागी आलं. चांगलं नियतकालिक कोणतं, हे त्या विषयातल्या जाणत्या माणसाला पहिल्या चार पानांत कळतं. पण जाणत्या माणसाचं मत फाइलला लावता येत नाही.

प्राध्यापकपदाच्या अटींत आणखी एक गाठ आहे. २०१८ च्या नियमांनुसार थेट प्राध्यापक म्हणून नेमणूक हवी असेल तर दहा वर्षांचा अनुभव, दहा शोधनिबंध, संशोधनाचे १२० गुण आणि वर, पीएच.डी.च्या विद्यार्थ्याला यशस्वी मार्गदर्शन केल्याचा पुरावा लागतो. गुणांच्या तक्त्यात पदवी मिळालेल्या विद्यार्थ्यामागे १० गुण आहेत, प्रबंध नुसता सादर झाला असेल तर ५. म्हणजे विद्यार्थ्याला जेवढी गाइडची गरज, तेवढीच गाइडला विद्यार्थ्याची. ज्या महाविद्यालयात संशोधन केंद्रच नाही तिथला प्राध्यापक कागदावर पूर्ण पात्र असूनही विद्यार्थी कुठून आणणार? आणि ज्याला या वर्षी बढतीची मुलाखत द्यायची आहे, त्याने विद्यार्थ्याला ‘अजून वर्षभर थांब, हे प्रकरण कच्चं आहे’ असं सांगायचं म्हणजे स्वतःचे पाच गुण स्वतःच्या हाताने खोडायचे. असं सांगणारे गाइड आहेत. त्या तक्त्यात त्यांच्या त्या एका वाक्याला रकाना नाही.

आता एक खेळ करून पाहू. जुन्या काळातले तीन गाइड आजच्या मान्यता समितीसमोर अर्ज घेऊन बसवू.

पहिले एडविन कॅनन, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. यांच्याकडे पीएच.डी. नाही. ती पदवी इंग्लंडात रुजली तीच पहिल्या महायुद्धाच्या सुमारास. ऑक्सफर्डने ती सुरू केली १९१७ मध्ये, तोवर कॅनन पन्नाशी ओलांडून गेले होते. अर्ज अपात्र. पण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी रुपयाच्या प्रश्नावरचा डी.एस्सी.चा प्रबंध यांच्याच देखरेखीखाली लिहिला. तो आधी सुधारणेसाठी परत आला, पुन्हा सादर झाला आणि १९२३ मध्ये पदवी मिळाली. त्याच वर्षी त्याचं पुस्तक निघालं, प्रस्तावना कॅनन यांची. आपल्याकडे गाइडची प्रस्तावना म्हणजे कौतुकाचा हार असतो. कॅनन यांनी मात्र त्यात सरळ लिहिलं, की सुवर्ण विनिमय पद्धतीला लेखकाचा जो विरोध आहे तो आपल्याला मान्य नाही आणि त्याचे बहुतेक युक्तिवादही पटत नाहीत. तरीही काही ठिकाणी त्याचा घाव नेमका बसला आहे आणि जिथे तो चुकतो असं वाटलं तिथेही त्याच्या विचारांचा ताजेपणा आपल्याला भावला. आपल्याला न पटलेल्या पुस्तकाला आपलं नाव देणारा हा माणूस. त्यासाठी किती गुण धरायचे?

दुसरे चंद्रशेखर वेंकट रामन. शिक्षण एम.ए., नोकरी सरकारच्या वित्त विभागात हिशेबनीसाची, संशोधन सकाळ-संध्याकाळ. १९१७ मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या पालित अध्यासनावर त्यांना बोलावलं गेलं तेव्हा एक अडचण निघाली. देणगीपत्रातल्या अटीनुसार त्या पदावरच्या माणसाने परदेशी प्रशिक्षण घेतलेलं असायला हवं होतं. रामन म्हणाले, मी शिकायला परदेशी जाणार नाही. कुलगुरुपद भूषवलेले आशुतोष मुखर्जी हे कायदा कोळून प्यायलेले न्यायाधीश होते. त्यांनी अट बाजूला ठेवून रामन यांना घेतलं. अकरा वर्षांनी रामन परिणाम जगापुढे आला आणि त्यात के. एस. कृष्णन या त्यांच्या तरुण सहकाऱ्याचा मोठा वाटा होता.

पण हीच गोष्ट पुढे नेली की तिला दुसरी बाजू दिसते. १९३३ मध्ये रामन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक होते. मुंबई विद्यापीठाची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवलेली कमला भागवत नावाची मुलगी तिथे प्रवेश मागायला गेली. दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण, पुढे कमला सोहोनी म्हणून आपल्याला माहीत असलेली. मुलगी म्हणून तिला नकार मिळाला. ती हटली नाही, सत्याग्रह करायला तयार झाली. तेव्हा रामन यांनी अटी घातल्या: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, मार्गदर्शक सांगेल तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल आणि संस्थेचं वातावरण बिघडवायचं नाही. ज्याच्यासाठी एकदा अट बाजूला ठेवली गेली होती, त्यानेच दुसऱ्यासाठी नव्या अटी तयार केल्या. कमलाबाई हा अपमान आयुष्यभर विसरल्या नाहीत आणि त्याबद्दल बोलायला त्या कचरल्याही नाहीत. प्रत्यक्ष मार्गदर्शन केलं ते एम. श्रीनिवासय्या यांनी. शिस्तीला कडक माणूस. पहाटेपासून रात्रीपर्यंत काम करून घ्यायचे, पण शिकवायचे. वर्षभराने रामन यांनी मुलींसाठी प्रवेश खुला केला. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या आणि १९३९ मध्ये त्यांना पीएच.डी. मिळाली. प्रबंध होता सुमारे चाळीस पानांचा. आपल्याकडच्या कित्येक प्रबंधांत एवढी पानं नुसत्या संदर्भसूचीला जातात.

तिसरे ऑयगेन फिशर, बर्लिनच्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे पहिले संचालक. पदवी आहे, ग्रंथ आहेत, पद कायम आहे, जगभर नाव आहे. आजच्या समितीत यांच्या अर्जावर पाच मिनिटांत शिक्का बसेल. यांच्याकडे १९२७ नंतर पुण्याहून एक विद्यार्थिनी आली, इरावती कर्वे. मुंबईत गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे चित्पावनांवर एम.ए.चा प्रबंध करून ती आली होती. फिशर यांनी तिला कवट्या मोजायला लावलं. त्यांची धारणा अशी, की कवटीच्या दोन बाजूंतला फरक वंशानुसार बदलतो आणि त्यावरून युरोपीय बुद्धीचं श्रेष्ठत्व दाखवता येईल. इरावतीबाईंनी दीडशेच्या घरात कवट्या मोजल्या आणि त्यांतून जे निघालं तेच लिहिलं: या असमानतेचा वंशाशी संबंध दिसत नाही. स्वतःच्या संचालक-गाइडच्या सिद्धांताविरुद्ध, परक्या देशात, परक्या भाषेत. पदवी मिळाली. फिशर पुढे नाझी राजवटीत बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि वंशशुद्धीच्या धोरणाला त्यांनी शास्त्राचा मुलामा दिला. इरावतीबाई पुण्यात डेक्कन कॉलेजात आल्या, तिथला विभाग त्यांनी उभा केला आणि स्वतः गाइड झाल्या.

तिघांत आजच्या कसोटीला उतरले ते एकटे फिशर. यावरून नियम मोडीत काढा, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. आशुतोष मुखर्जींसारखा पारखी माणूस असेल तर अट बाजूला ठेवल्यावर रामन सापडतो. तसा माणूस नसेल तर त्याच वाटेने साहेबांचा भाचा आत येतो. नियम हे दुसऱ्या शक्यतेसाठी असतात.

इतर देशांनी ही गाठ आपापल्या परीने सोडवली आहे. जर्मनीत गाइडला ‘डोक्टरफाटर’ म्हणजे डॉक्टरेटचा बाप म्हणण्याची रीत. बाई असेल तर डोक्टरमुटर. हे बापपण सहज मिळत नसे. स्वतःच्या डॉक्टरेटनंतर ‘हाबिलिटाट्सिओन’ नावाचा दुसरा, अधिक मोठा प्रबंध लिहायचा आणि विद्वानांपुढे व्याख्यान द्यायचं, मग स्वतंत्रपणे शिकवण्याचा अधिकार मिळे. चाळिशी उलटेपर्यंत माणूस परीक्षार्थीच राहतो, अशी ओरड झाली तेव्हा २००२ मध्ये कनिष्ठ प्राध्यापकपदाची दुसरी वाट काढली गेली. अमेरिकेत पुष्कळ विद्यापीठांत प्राध्यापक असणं आणि ‘ग्रॅज्युएट फॅकल्टी’चा सभासद असणं वेगळं. हे सभासदत्व ठरावीक वर्षांचं असतं आणि मुदत संपली की अलीकडचं काम पाहून पुन्हा द्यायचं की नाही ते ठरतं. एकदा मिळालेली मान्यता निवृत्तीपर्यंत अंगावर मिरवायची सोय त्यात नाही. आपण घेण्यासारखं काही असेल तर ते हे, असं मला वाटतं.

आपल्या नियमांतही एक खिडकी उघडी आहे, तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष जात नाही. संगीत आणि नृत्य या विषयांत नामवंत गुरूकडे शिकलेला आणि आकाशवाणी-दूरदर्शनचा ‘ए’ श्रेणीचा कलावंत पदवीच्या बळावर सहायक प्राध्यापक होऊ शकतो, नेटशिवाय. तिथे ‘कोणाकडे शिकलात’ हा प्रश्न सरकारी कागदात रीतसर विचारलेला आहे. विज्ञान आणि भाषांच्या बाबतीत हा प्रश्न आपण चहाच्या टपरीवर विचारतो.

विद्यार्थ्यावर मात्र नियमांचं लक्ष बारीक आहे. किमान १२ श्रेयांकांचं कोर्सवर्क, संशोधन नीतीचा अभ्यासक्रम, दर सत्राला सल्लागार समितीपुढे प्रगती मांडणं, वाङ्मयचौर्याची तपासणी. वाङ्मयचौर्याबद्दलच्या २०१८ च्या वेगळ्या नियमांनुसार प्रबंधात दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, साठच्या पुढे गेलं तर नोंदणीच रद्द. प्राध्यापकाच्या स्वतःच्या लेखनात मोठी चोरी सापडली तर दोन किंवा तीन वर्षं नवा विद्यार्थी घ्यायला बंदी, शिवाय वेतनवाढीवर पाणी. पीएच.डी. करणाऱ्याने शिकवण्याचं आणि लिहिण्याचं प्रशिक्षण घ्यावं, असंही २०२२ चे नियम सांगतात. मार्गदर्शन कसं करावं हे गाइडने कुठे शिकलेलं असावं, अशी अट त्याच्या पात्रतेच्या कलमात नाही. तो ते शिकतो आपल्या गाइडकडून, जसं सुनेने सासूकडून घर चालवायला शिकावं तसं. चांगलं असेल ते उचलतो. जे सोसलं त्यातलंही बरंच, नकळत, पुढच्या पिढीला देतो. बँकेत रांगेत उभं राहायला, मुलाला शाळेतून आणायला विद्यार्थ्याला पाठवणारे गाइड कसे तयार होतात, याचं उत्तर बहुधा त्यांच्या गाइडच्या घरच्या भाजीच्या पिशवीत सापडेल.

म्हणून ‘जागा आहे का’ विचारायच्या आधी विद्यार्थ्याने एक काम करावं, आणि आता ते घरबसल्या होतं. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राचं ‘शोधगंगा’ हे भांडार सगळ्यांना खुलं आहे. देशभरच्या विद्यापीठांतले प्रबंध तिथे असतात आणि प्रत्येक नोंदीत गाइडचं नावही असतं. ज्यांच्याकडे जायचं आहे त्यांच्या चार-पाच विद्यार्थ्यांचे प्रबंध उघडावेत. विषयांची नावं पाहावीत: एकाच साच्यातून फक्त तालुका बदलून काढलेत की प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे? मग निष्कर्षाचं प्रकरण वाचावं. गाइडच्या स्वतःच्या मताला धक्का देणारं एखादं वाक्य तिथे आहे का?

आणि ऋणनिर्देश जरूर वाचावा. ‘वेळोवेळी मोलाचे मार्गदर्शन केले’ हे वाक्य सगळीकडेच भेटेल, त्यावर थांबू नये. आईवडील, ग्रंथपाल, टंकलेखक यांचे आभार ओलांडून पुढे जावं. कुठेतरी कोणीतरी लिहिलेलं असतं, की तिसरं प्रकरण सरांनी चार वेळा परत केलं आणि पाचव्या वेळी, ते अजूनही त्यांना पटलेलं नसताना, त्यावर सही केली. त्या सरांचा दूरध्वनी क्रमांक शोधावा. त्यांच्याकडे जागा नसेलच, पण विचारून पाहायला हरकत नाही.